छोट्या फास्ट बोटीला दोन उलट पंख्यांचा सरफेस ड्राइव्ह बसवावा का?

वेगळी_लाट:
मंडळी, जरा डोकं लावा. माझी १९ फुटी डीप व्ही (खोल व्ही आकाराच्या तळाची) बोट आहे, ट्रान्समपाशी (बोटीच्या मागच्या सपाट भिंतीपाशी) तळाचा कोन २४ अंश, एकच पेट्रोल व्ही-८, ३०० एचपी, साध्या एका पंख्याच्या स्टर्नड्राइव्हवर (इंजिन आत, पंख्याचा पाय ट्रान्समच्या मागे बाहेर), गिअर रेशो १.५ (इंजिनाच्या दीड फेऱ्यांना पंख्याची एक). सपाट पाण्यात ताशी ५५ मैलांपर्यंत मस्त पळते. त्याच्या वर गेलं की आधी डाव्या अंगावर कलते आणि मग या कुशीवरून त्या कुशीवर डुलायला लागते, स्टिअरिंग एका बाजूला ओढतं, शेवटी थ्रॉटल काढावाच लागतो. ज्याला विचारावं तो म्हणतो एकामागे एक दोन पंखे उलट दिशेने फिरणारा ड्राइव्ह लाव, टॉर्कचा (पंख्याच्या फिरण्याने बोटीला बसणाऱ्या पिळाचा) विषयच संपला, आणि तोच सरफेस टाइप मिळाला तर अर्धा पंखा पाण्याबाहेर म्हणजे ड्रॅगही कमी. आता असा एक जुना ड्राइव्ह मिळतोय, विकणारा म्हणतो सरफेस आहे आणि दोन पंखे आहेत. तर विचारायचं असं की तो किती उंचीवर बसवायचा, गिअर रेशो आहे तो चालेल का, इंजिनाला थंड पाणी कुठून घ्यायचं, आणि अर्ध्या बुडालेल्या पंख्यावर बोट प्लेनवर तरी येते का (म्हणजे वर उचलून पाण्यावर घसरत पळते का)? ६० च्या थोडं वर स्थिर पळावी एवढीच अपेक्षा आहे, रेस वगैरे काही नाही.

जुना_मिस्त्री:
भाऊ, सरफेस ड्राइव्ह म्हणून नक्की काय मिळतंय ते आधी लिही, त्यावर सगळं अवलंबून आहे.

एक प्रकार म्हणजे अर्नेसनसारखा. ट्रान्समला बोल्ट होतो, आत बॉल सॉकेट आणि युनिव्हर्सल जॉइंट, तिथून शाफ्ट सरळ मागे जातो, आणि हायड्रॉलिक सिलिंडर त्याला वरखाली आणि डावीउजवीकडे हलवतात, त्यामुळे वेगळं सुकाणू लागत नाही. हॉवर्ड अर्नेसन यांनी तो १९८० च्या सुमारास आणला, स्विमिंग पूल आपोआप साफ करणारं यंत्र काढलं तेच हे गृहस्थ. पण अर्धा पंखा बाहेर ठेवायची कल्पना त्याच्या कितीतरी आधीची, १९५० मध्ये स्लो-मो-शन फोर या रेसच्या बोटीने ताशी १६० मैलांचा रेकॉर्ड केला तो पंख्याचा अर्धा भाग हवेत ठेवूनच.

मुद्द्यावर येतो. या प्रकारच्या ड्राइव्हमध्ये गिअर नसतात. पुढे-न्यूट्रल-रिव्हर्स आणि रिडक्शन (फेऱ्या कमी करणं) या सगळ्यासाठी इंजिनाच्या मागे वेगळा मरीन गिअरबॉक्स बसवावा लागतो. आणि इथेच छोट्या बोटीची गोची होते. स्टर्नड्राइव्हमध्ये इंजिन ट्रान्समला चिकटून बसतं, गिअरबॉक्स आणि कपलिंग मध्ये घुसले की तेच इंजिन फूट-दीड फूट पुढे सरकतं. ४० फुटी बोटीला त्याचं काही वाटत नाही, १९ फुटीचा तोल मात्र पुरता बदलतो, त्यात सरफेस पंखा मागची बाजू वर उचलतो, म्हणजे दोन्ही गोष्टी मिळून नाक खाली दाबतात. मग बोट ओली पळते, जास्त तळ पाण्यात, आणि ड्रॅग वाचवायला निघालेला माणूस आधीपेक्षा हळू पळतो. इंजिन मागेच ठेवायचं तर व्ही-ड्राइव्ह (शाफ्टची दिशा उलटी वळवणारा गिअरबॉक्स) टाकून इंजिन उलटं फिरवून बसवावं लागतं, ते काम वेगळंच.

दोन पंखे म्हटले की आणखी एक भानगड. शाफ्टच्या आत शाफ्ट असला की तो युनिव्हर्सल जॉइंटमधून वळवता येत नाही. त्यामुळे जॉइंटच्या मागे, एकदम शेपटाला, उलट फिरवणारे गिअर ठेवावे लागतात, म्हणजे वजन नको तिथे लटकतं.

दुसरा प्रकार म्हणजे स्टर्नड्राइव्हसारखा पाय, त्यात गिअर आणि क्लच आत असतात, फक्त तो उंच बसवलेला असतो. तुझा कुठला ते सांग, फोटो बघितले असतील तर इंजिनाचं थंड पाणी आत घेणारी भोकं कुठे आहेत आणि पात्यांची मागची कड कशी आहे तेवढं लिही.

आकडेमोड:
मिस्त्रीकाकांनी वजनाचं बरोबर सांगितलं, मी जरा हिशोब करून बघते.

३०० एचपी ५००० आरपीएमला म्हणजे इंजिनाचा टॉर्क साधारण ४३० न्यूटन-मीटर, १.५ च्या गिअरने पंख्यावर ६४० च्या आसपास. पंखा मागून बघितला तर घड्याळाच्या दिशेने फिरतो, त्यामुळे बोट उलट्या दिशेने वळायला बघते आणि डावी बाजू खाली जाते, तुमची तक्रार तीच. पण हा ६४० म्हणजे किती? ८० किलोचा माणूस मधल्या रेषेपासून ८० सेंटिमीटर उजवीकडे बसला की त्याचं वजन बरोबर तेवढंच उलटं वळण देतं. छोट्या बोटीत चालवणारा उजवीकडे बसतो त्याचं हे एक कारण आहे. म्हणजे नुसत्या कलण्यासाठी ड्राइव्ह बदलायला जाणं म्हणजे फारच मोठं काम, दोन बॅटऱ्या उजवीकडे हलवल्या तरी फरक कळेल. तुमची सीट मध्ये आहे का डावीकडे?

हां, एकच पंखा आणि तोही सरफेस असेल तर चित्र वेगळं. पूर्ण बुडालेल्या पंख्यात वरची पाती एका बाजूला ढकलतात आणि खालची दुसऱ्या, त्यामुळे बरंचसं वजावट होतं. अर्धाच बुडाला की फक्त खालचा अर्धा भाग काम करतो, मग उजव्या फिरणीचा पंखा शेपूट जोरात उजवीकडे ढकलतो आणि हा धक्का बोटीच्या वजनाच्या मध्याच्या खाली लागतो, त्यानेही बोट डावीकडेच कलते, म्हणजे टॉर्क आणि धक्का एकाच बाजूला जमा. एका इंजिनाच्या बोटीवर सरफेस जायचंच असेल तर दोन उलटे पंखे ही हौस नाही, गरज आहे.

पिचचं (पंखा एका फेरीत किती पुढे जाईल त्या अंतराचं) गणित सोपं आहे. इंजिनाचे आरपीएम भागिले गिअर रेशो, गुणिले पिच इंचात, भागिले १०५६, आलेला आकडा ताशी मैलात, त्यातून स्लिप (पंखा पाण्यात घसरून वाया जातो तो भाग) वजा. ५००० आरपीएम, १.५ चा गिअर, १२ टक्के स्लिप धरली तर ६० मैलांना २१.६ म्हणजे २२ इंच पिच लागते. गिअर न लावता १:१ केलं तर पिच येते साडेचौदा इंच, आणि त्याला साजेसा पंखा इतका लहान होतो की प्लेनवर यायला पात्यांचं क्षेत्रफळच पुरत नाही. तेव्हा १.५ चा रेशो तुमच्या इंजिनाला ठीक आहे, त्याला हात लावू नका.

ट्रान्समवर किती जोर येतो तेही बघा. ६० मैलांना, साठेक टक्के कार्यक्षमता धरून, थ्रस्ट (पुढे ढकलणारा जोर) ५०० किलोच्या आसपास. पण २० मैलांना, बोट अजून नाक वर करून चढतेय तेव्हा, इंजिन पूर्ण ताकद देत असेल तर तोच हजाराच्या वर जातो. ट्रान्सम आतून कुजलेला नाही ना हे हातोडी मारून आवाजावरून बघून घ्या, प्लायवूडचा असेल तर नक्कीच.

फेसाळ:
दोघांचं वाचलं, पण सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच की राव. मागच्या पंख्याला पाणी मिळतं कुठे?

बुडालेल्या दोन पंख्यांत गंमत अशी की पुढचा पंखा पाण्याला जो पीळ देतो ती ताकद एरवी वाया जाते, मागचा उलटा फिरून ती परत घेतो आणि पीळ सरळ करून टाकतो. कल्पना फार जुनी आहे, जॉन एरिक्सनने १८३६ चं पेटंट घेतलं त्यात दोन उलट फिरणारी चाकंच होती, आणि टॉर्पेडो पाण्यात गरगरू नये म्हणून त्यालाही हेच करतात. बोटींत व्होल्वो पेंटाने १९८२ ला ड्युओप्रॉप (दोन उलट्या पंख्यांचा स्टर्नड्राइव्ह) आणला तेव्हापासून सर्रास झालं.

सरफेसमध्ये मात्र पातं दर फेरीला वरून पाण्यात शिरतं आणि पाठीवर हवेची पोकळी ओढून नेतं. हे मुद्दाम केलेलं असतं, कारण पोकळीत वाफेऐवजी हवा असली की बुडबुडे फुटून धातू खाल्ला जात नाही. पण या पोकळ्या मागे जातात आणि नेमक्या मागच्या पंख्याच्या तोंडात येतात. मागच्याला निम्मं पाणी आणि निम्मा फेस मिळाला तर तो कशाला धरणार? म्हणून सरफेसचे दोन पंखे हे जोडीनेच बनवलेले लागतात, व्यास, पिच, पात्यांची संख्या सगळं एकमेकांना बघून ठरवलेलं. मागच्याला येणारं पाणी आधीच वेगात असतं म्हणून पिच जास्त हवी, पण ते उलटं पीळ खाऊन येतं म्हणून कमी हवी, या दोन्हीचा मेळ अंदाजाने बसत नाही. एक पंखा इकडून एक तिकडून घेऊन जोडी लावायचा विचार असेल तर सोडून दे.

होत नाही असं नाही बरं का. मर्क्रूझरचा ब्लॅकहॉक नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आला होता, दोन उलटे पंखे आणि सरफेसवरच चालायला केलेला. छान पळायचा म्हणतात, पण तो फार काळ बाजारात राहिला नाही, आता सुटे भाग शोधत बसावं लागतं.

वेगळी_लाट:
बाप रे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. धन्यवाद सगळ्यांना.

ताई, सीट डावीकडे आहे! आधीच्या मालकाने बदलून घेतली होती, का ते माहीत नाही.

काका, हा पायवाला प्रकार आहे, शाफ्टवाला नाही. फोटो नीट बघितले. खालच्या टॉर्पेडोच्या (पंख्याचा शाफ्ट असलेल्या लांबट फुगीर भागाच्या) वर, पायाच्या दोन्ही बाजूंना पाण्याच्या उभ्या फटी आहेत. पंखे स्टेनलेसचे, पुढचा मोठा मागचा लहान, पाती गोलसर कानासारखी. एक्झॉस्ट पंख्याच्या मधून बाहेर. विकणारा म्हणतो की आधीच्या बोटीवर उंच लावलेला होता म्हणून सरफेस.

जुना_मिस्त्री:
मग तो सरफेस ड्राइव्ह नाही, साधा दोन पंख्यांचा पाय आहे आणि कुणीतरी उंच लावला होता, एवढंच.

सरफेसवर चालणाऱ्या पायाचं पाणी टॉर्पेडोच्या नाकातून, अगदी खालून घेतलेलं असतं, कारण टॉर्पेडोची वरची बाजू चालताना पाण्याबाहेर असते. तुझ्या फटी बाजूला आणि वर आहेत, हा पाय उंच लावलास की त्या हवा ओढणार आणि इंजिन तापणार. पातीही बघ, सरफेसची पाती पाचरीसारखी असतात, पुढची धार पातळ आणि मागची कड जाड, सरळ कापल्यासारखी. गोल कानाची पाती बुडून चालण्यासाठी असतात, त्यांना हवा लागली की पकड सुटते, आरपीएम एकदम वर पळतात आणि पुढच्या लाटेत पंखा परत पाण्यात आदळला की तो सगळा झटका गिअरच्या दातांवर. आतला शाफ्ट बाहेरच्या शाफ्टच्या पोटात, बेअरिंग त्या दोघांच्या मध्ये, तिथे जागाच किती असते बघ. उंच लावून चालवलेला पाय असेल तर मी तो उघडून बघितल्याशिवाय घेणारच नाही, तेल काढून निदान चुंबकाला चुरा चिकटतो का ते बघ.

आणि उंच बसवायचं म्हणजे नुसता पाय वर सरकवता येत नाही. क्रँकशाफ्ट आणि ड्राइव्हची वरची इनपुट एका रेषेत लागते, म्हणजे इंजिनही तेवढंच वर, ट्रान्समचं भोक भरून नवीन कापायचं, सगळ्या वजनाचा मध्य वर जातो आणि डुलणारी बोट आणखी डुलते. म्हणून रेसवाले इंजिन न हलवता खालचा पाय आखूड करून घेतात.

फेसाळ:
काका बरोबर, पण एवढं घाबरवू नका त्याला. हाच पाय त्याच्या नेहमीच्या उंचीवर, पूर्ण बुडवून लावला तर काय हरकत आहे? टॉर्क गेला, शेपूट ढकलणं गेलं, प्लेनवर पटकन येईल, वळणात पकड सोडणार नाही, रिव्हर्समध्ये धक्क्याला लावताना तर जमीन-अस्मानाचा फरक. त्याला ६० च हवेत.

जुना_मिस्त्री:
४५ पर्यंत बिनधास्त. पण दोन पंखे, जाड टॉर्पेडो, सगळं पाण्यात. हलक्या फास्ट बोटीत ५५-६० च्या पुढे एकच चांगला पंखा थोडा उंच लावलेला बहुतेक वेळा जास्त पळतो. त्याला आत्ता ५५ मिळतायत, तो ड्राइव्ह बदलून ५२ वर आला तर मला शिव्या देईल.

फेसाळ:
५२ स्थिर मिळाले तर ५५ डुलण्यापेक्षा मी ५२ घेईन. असो, ज्याची त्याची आवड.

आकडेमोड:
थंड पाण्याचं एक सांगायचं राहिलं, पुढेमागे कधी नाकातून पाणी घेणारा पाय लावलात तर कामाला येईल. ६० मैलांना समोरून येणाऱ्या पाण्याचा दाब साधारण ५० पीएसआय (दर चौरस इंचावर ५० पौंड) होतो, ३० मैलांना त्याच्या चौथा हिस्सा. म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट. आरामात फिरायच्या बोटीचा प्लॅस्टिकचा गाळणीचा डबा हा दाब सहन करत नाही, फुटला तर इंजिनच्या खोलीत कारंजं. जास्तीचा दाब बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह लागतोच, आणि डॅशवर पाण्याच्या दाबाचा गेज, नुसत्या टेम्परेचरच्या काट्यावर राहिलात तर तो हलेपर्यंत उशीर झालेला असतो. पाय पाण्याबाहेर असल्यामुळे त्याचं तेलही तापतं, म्हणून वरून पाणी मारणारा शॉवर लावतात.

प्लेनवर येण्याबद्दल विचारलं होतं त्याचंही उत्तर देऊन टाकते. उभ्या बोटीत सरफेस पंखा पूर्ण बुडालेला असतो, आणि तो अर्ध्यावर चालेल असा निवडलेला असल्यामुळे इंजिनाला तेव्हा झेपत नाही, आरपीएम चढतच नाहीत. मोठ्या बोटींत म्हणून पंख्याच्या पुढे पाइपने हवा सोडतात, थोडा घसरू देतात. पंख्यातून निघणारा एक्झॉस्टही हेच काम करतो, तो कुणी हौसेने ट्रान्सममधून बाहेर काढला की बोट अचानक का चढत नाही म्हणून शोधाशोध सुरू होते.

किनाऱ्यावरचा:
मध्येच बोलतो. डुलणाऱ्या बोटीवर ५५ च्या वर टेस्ट करताय तर किल स्विचची (चालवणारा पडला तर इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी अंगाला बांधलेली असू दे, जॅकेट घाला. आणि अर्नेसनसारखा लांब मागे जाणारा ड्राइव्ह कधी लावलात तर पंखा ट्रान्समच्या बराच मागे असतो हे पोहायला उतरणाऱ्यांना माहीत नसतं, ते शिडीच्या सवयीने मागूनच चढायला येतात. त्या पंख्यांना रिव्हर्सही नावालाच असतो, धक्क्याजवळ वेग आधीच मोडा.

वेगळी_लाट:
बरं, मग तो ड्राइव्ह सध्या घेत नाही. विकणाऱ्याला तेल काढून दाखव म्हटलं तर म्हणतो गरज नाही, एकदम ओके आहे. त्यातच काय ते समजलं.

आधी सीट उजवीकडे घेतो, बॅटऱ्याही हलवतो. पण डुलण्याचं काय? ते कलण्यापेक्षा जास्त भीतीदायक आहे.

जुना_मिस्त्री:
कलणं थांबलं की डुलणं थोडं उशिरा सुरू होईल, पण जाणार नाही. वेगात बोट तळाच्या अगदी बारीक पट्टीवर तोलून पळते, २४ अंशांची व्ही आहे तुझी, ती एका कुशीवर पडते, तू स्टिअरिंगने सावरतोस, तोवर ती दुसऱ्या कुशीवर गेलेली असते. स्टिअरिंगमध्ये जरा जरी ढिलाई असली तर तूच तिला झुलवत असतोस.

ती बघायची अशी. बोट ट्रेलरवर, इंजिन बंद, एकाने चाक घट्ट धरायचं आणि दुसऱ्याने मागे जाऊन पायाचा खालचा भाग, पंख्याजवळ, दोन्ही हातांनी डावीउजवीकडे हलवायचा. चाक हलत नसताना तिथे बोटभर जरी खेळ सापडला तर ६० मैलांना तो फारच झाला. मग गिंबल रिंग (पाय ज्यावर वळतो ते कडं), स्टिअरिंगची पिन आणि तिचं बुशिंग एकेक करून बघ, कुठे धातूवर धातू घासल्याची चमक दिसते तिथे रोग आहे. ते दुरुस्त करूनही राहिलं तर बाहेरून दोन सिलिंडरचं हायड्रॉलिक स्टिअरिंग लाव, पायाला दोन्ही बाजूंनी पकडून ठेवतं. त्यानंतर ट्रिम (पायाचा आतबाहेरचा कोन) एकदम न वाढवता थोडा थोडा बाहेर घे, डुलायला लागली की आधी ट्रिम आत, मग थ्रॉटल हळू कमी, झटक्यात सोडू नकोस, नाक खाली आपटून गिरकी घेते.

वेगळी_लाट:
उद्याच हलवून बघतो. गिंबलचं बुशिंग बदलायचं निघालं तर इंजिन काढावं लागतं का, की पाय उतरवून होतं?

जुना_मिस्त्री:
कुठलं बुशिंग त्यावर आहे. काही पाय उतरवून मागूनच होतात, वरची स्टिअरिंगची पिन मात्र काही मॉडेलमध्ये आतून सोडावी लागते आणि इंजिन आड येतं. आधी खेळ कुठे आहे ते बघ, ड्राइव्हचं मॉडेल इथे टाक, मग सांगतो.